खोटा वाघ जन्माला घालू नका: विष्ठेतल्या डीएनएवरून वाघ ओळखायची सगळी प्रोसेस

दरवर्षी थंडी संपत आली की एमएस्सी करणारी नाहीतर नुकतीच पीएचडीला लागलेली दोनतीन पोरं तरी फोन करतात, ताई आम्हाला वाघांच्या जेनेटिक्सवर काम करायचंय, सुरुवात कुठून करायची. मग मी तासभर बोलते, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तेच परत बोलते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. डोळ्यासमोर विदर्भातलं काम आहे, म्हणजे मेळघाट, पेंच, नागझिरा, ताडोबा आणि त्यांच्या मधली तुटक तुटक जंगलं, पण बिबट्या, अस्वल, रानकुत्रा यांच्यासाठीही बरंचसं असंच चालतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. या कामात वाघ दिसत नाही, त्याची विष्ठा दिसते. त्या विष्ठेतून निघालेल्या आकड्यांवरून आपण म्हणतो की इथे अकरा वाघ आहेत, हा नर, ती मादी, हा अमुक जंगलातून आलाय. आणि वाटेत कुठेही गचाळपणा झाला की कागदावर एक वाघ जन्माला येतो जो जंगलात नाहीये. मी त्याला खोटा वाघ म्हणते. खाली जे जे करायला सांगितलंय ते का करायचं असं विचाराल तर उत्तर बहुतेक वेळा हेच, खोटा वाघ होऊ नये म्हणून.

आधी प्रश्न ठरवा, मग पिशवी उचला

"वाघांच्या जेनेटिक्सवर काम" असं काही नसतं हो. मोजायचेत का? दोन जंगलांमध्ये येणंजाणं आहे का ते बघायचंय? की एकाच जंगलात अडकलेल्या वाघांमध्ये जवळच्या नात्यातलं प्रजनन किती झालंय ते बघायचंय? तिन्हीला सॅम्पल गोळा करायची पद्धत वेगळी लागते.

मोजायचं असेल तर एकच भाग परत परत चालायचा, तोच वाघ पुन्हा सापडला पाहिजे, आणि किती किलोमीटर चाललात त्याचा जीपीएस ट्रॅक ठेवलाच पाहिजे, कारण जिथे शोधलं पण सापडलं नाही ही पण माहितीच असते. येणंजाणं बघायचं असेल तर एकाच ठिकाणची शंभर सॅम्पल काही कामाची नाहीत, सहा ठिकाणची थोडी थोडी हवीत, आणि मधल्या कॉरिडॉरमधली चार मिळाली तर सोनं. नात्यातलं प्रजनन बघायचं असेल तर दहाबारा मार्करवर, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक जागांवर, भागत नाही, हजारो ठिकाणची डीएनएची अक्षरं वाचावी लागतात, आणि विष्ठेतला डीएनए तेवढा धड नसतो, त्यामुळे मेलेल्या वाघाचं टिश्यू किंवा बेशुद्ध करून कॉलर लावताना घेतलेलं रक्त मिळतंय का ते आधीच वनखात्याशी बोलून ठेवायचं.

परवानगी

हा भाग थोडक्यात सांगते कारण कंटाळवाणा आहे, पण टाळला तर बाकी सगळं वाया. वाघ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची विष्ठासुद्धा उचलून घरी न्यायची वस्तू नाही. महाराष्ट्रात अर्ज नागपूरला जातो, प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे, आणि व्याघ्र प्रकल्पात काम असेल तर तिथल्या क्षेत्र संचालकांना आधी भेटून या, नुसती मेल टाकून बसू नका. अर्जात सॅम्पल कोणतं, किती, कुठल्या लॅबमध्ये जाणार, उरलेल्याचं काय करणार हे स्पष्ट लिहा. परदेशात सॅम्पल पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा आणि साइटिस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) असे दोन आणखी डोंगर चढायचे आहेत, त्यापेक्षा हैदराबादचं सीसीएमबी, डेहराडूनचं डब्ल्यूआयआय, बंगळुरूचं एनसीबीएस इथे हे काम वर्षानुवर्षं चालतंय, त्यांच्याशी बोला. आणि अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे जानेवारीत हातात कागद असेल. असेलच असं नाही, पण आशा ठेवायला हरकत नाही.

शोधायचं कुठे आणि कधी

जानेवारी ते मे. पावसात विष्ठा टिकतच नाही आणि शेणकिडे तर काही तासांत निम्मं काम उरकतात. थंडीतली सॅम्पल सगळ्यात चांगली, मेमधल्या उन्हात विष्ठा वाळते लवकर हे बरं, पण तेच ऊन डीएनएचे तुकडे पाडतं, म्हणून सावलीतली, नाल्यातली, बांबूखालची शोधा. सकाळी लवकर निघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला माणसं पहाटेपासून जंगलात असतात, मेमध्ये तेंदूपत्ता, त्यांच्याशी दोन शब्द बोलत जा, रात्री वाघ कुठून गेला हे त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

वाघ रस्त्यावरच हगतो असं म्हटलं तरी चालेल. जंगलातले कच्चे रस्ते, फायर लाईन, दोन रस्ते मिळतात ती जागा, नाल्याची वाळू. बऱ्याचदा रस्त्याच्या मधल्या गवताच्या पट्ट्यावर असते आणि शेजारी पंजाने माती ओरबाडलेली दिसते. बिबट्याची विष्ठा जास्त पिळदार, गाठी जवळ जवळ, वाघाची जाड आणि गाठी लांब लांब, असं सगळे शिकवतात. ते खरंही आहे, पण तरुण वाघीण आणि दांडगा बिबट्या यांच्यात तुमचा अंदाज बेधडक चुकतो. जाडी मोजून प्रजाती ठरवायची नाही, वहीत फक्त अंदाज म्हणून लिहायचं.

माझ्या दुसऱ्याच सीझनला एका नाल्यात अशीच एक जाडजूड सापडली, मी लगेच "वाघ" लिहायला लागले तर सोबतचे वनमजूर म्हणाले, "म्याडम, हे वाघाचं नाही जी, बिबट्याचं हाये." मी स्केल लावून दाखवली, ते नुसतं हसले. वहीत मी "वाघ?" असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं, तेवढी अक्कल तरी होती. या सॅम्पलकडे शेवटी परत येते.

उचलायचं कसं

इथे लोक सगळ्यात मोठी चूक करतात, अख्खी विष्ठा पिशवीत भरतात. अहो आपल्याला वाघाने खाल्लेलं चितळ नकोय, वाघ हवाय. विष्ठा आतड्यातून घसटत बाहेर येते तेव्हा आतड्याच्या आतल्या पेशी तिच्या वरच्या थराला चिकटतात, ताज्या विष्ठेवर जो चकचकीत बुळबुळीत पापुद्रा दिसतो ना, तो. आतला भाग म्हणजे केस, हाडांचे तुकडे, सावजाचा डीएनए आणि अब्जावधी जिवाणू.

तर असं करा. नवीन ग्लोव्हज घाला, प्रत्येक सॅम्पलला नवीन, कंटाळा करू नका. आधी फोटो काढा स्केल ठेवून, मग जीपीएस पॉइंट घ्या. जी बाजू जमिनीला टेकलेली नाही आणि ज्यावर थेट ऊन नाही तिथला वरचा पापुद्रा निर्जंतुक ओल्या स्वॅबने हळूच फिरवून घ्या, दोन वेगळ्या जागांवरून दोन स्वॅब. स्वॅब लायसिस बफरच्या (पेशी फोडून डीएनए टिकवणारं द्रावण) छोट्या ट्यूबमध्ये मोडून टाका, झाकण घट्ट. स्वॅब नसेल तर ब्लेडने वरचा थर खरवडून चहाच्या चमचाभर एवढा घ्या आणि चारपट तरी इथेनॉलमध्ये बुडवा, कमी इथेनॉल टाकलं तर विष्ठेतलं पाणी त्याला पातळ करतं आणि आत सगळं कुजतं. बाकीची विष्ठा तिथेच राहू द्या, ती वाघाची हद्दीची पाटी आहे, उचलून नेली तर आपणच त्याच्या कारभारात ढवळाढवळ केली. आहाराचा अभ्यासही करायचा असेल तर थोडा भाग वेगळ्या पाकिटात, बस.

इथेनॉल पेटतं, त्यामुळे पोस्टाने किंवा विमानाने न्यायची कटकट असते. स्वॅब आणि बफर ही जोडी म्हणूनच मला जास्त आवडते, खोलीच्या तापमानाला महिनोन्महिने टिकते आणि एसटीच्या बॅगेत पण जाते.

लेबल, हो, नुसतं लेबल

यावर वेगळं लिहितेय कारण यात माझे चाळीस सॅम्पल गेलेत. पहिल्या वर्षी मी साध्या मार्कर पेनने ट्यूबवर नंबर लिहिले, पेटीत एक इथेनॉलची ट्यूब गळली, रात्रभर गाडी हलली, सकाळी पेटी उघडली तर सगळ्या ट्यूबा धुतल्यासारख्या स्वच्छ. इथेनॉलने शाई पुसून टाकली होती. वहीत सगळं होतं, जीपीएस होतं, फोटो होते, फक्त कुठली ट्यूब कुठली ते नव्हतं. तीन आठवड्यांची चाल पाण्यात गेली.

तेव्हापासून पेन्सिल. ट्यूबच्या बाहेर लेबल पेन्सिलने आणि वर पारदर्शक टेप, झाकणावर खरवडून नंबर, आणि तोच नंबर वहीत. वहीत तारीख, वेळ, बीट आणि कंपार्टमेंट नंबर, नाल्याचं किंवा पाणवठ्याचं स्थानिक नाव, ताजेपणा, ऊन-सावली, कोणी उचललं. रात्री कॅम्पवर जेवायच्या आधी वहीचे फोटो काढून दोन फोनवर ठेवायचे. जेवायच्या आधी, कारण जेवल्यावर कोणी करत नाही.

लॅबमध्ये पहिला दिवस

विष्ठेतून डीएनए काढणं हे रक्तातून काढण्यापेक्षा कितीतरी किचकट. डीएनए थोडा, तुटलेला, आणि सोबत पित्तातले क्षार आणि बाकी अशी घाण की पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, चालूच होत नाही. त्यासाठी विष्ठेचे खास किट मिळतात, तेच वापरा. फक्त कंपनीने छापलेल्या वेळेपेक्षा लायसिसला जास्त वेळ द्या, प्रोटीनेज के टाकून ५६ अंशाला रात्रभर ठेवलं तर फरक पडतो. शेवटी डीएनए कमी पाण्यात दोन टप्प्यांत काढा. काही सॅम्पलमध्ये पीसीआर चाललाच नाही तर लगेच फेकू नका, दहापट पातळ करून परत लावा, घाणही पातळ होते आणि गंमत म्हणजे कधी कधी तेव्हाच चालतो.

खोली वेगळी हवी. ज्या टेबलावर कोणी वाघाचं रक्त, टिश्यू किंवा पीसीआर झालेला माल हाताळतं त्या खोलीत विष्ठेचं काम करायचं नाही म्हणजे नाही. पीसीआरमध्ये एका तुकड्याचे अब्जावधी होतात, त्यातला एक थेंब हवेत उडाला तरी तुमच्या पुढच्या सगळ्या सॅम्पलमध्ये तोच वाघ निघतो. फिल्टर टिप, ब्लीचने पुसलेलं टेबल, यूव्ही, आणि प्रत्येक बॅचला एक रिकामी ट्यूब जिच्यात विष्ठा सोडून बाकी सगळं टाकायचं. ती रिकामी ट्यूब शेवटपर्यंत रिकामीच निघाली पाहिजे.

आमची एकदा नाही निघाली. दोन दिवस डोकं खाजवलं, सगळी केमिकल बदलली, मग लक्षात आलं की वाघासाठी वापरले जाणारे बरेचसे मायक्रोसॅटेलाइट मार्कर मुळात पाळीव मांजरीवर बनवलेले आहेत, आणि मांजर माझ्याच घरी आहे. स्वेटरवर तिचे केस. तेव्हापासून लॅबचे कपडे लॅबमध्ये, घरचे घरी. मांजर पाळणाऱ्या सगळ्यांना मी हे पहिल्या दिवशी सांगते, ते हसतात, मग त्यांच्या ब्लँकमध्ये, म्हणजे त्या रिकाम्या ट्यूबमध्ये, काहीतरी उगवतं.

वाघ की बिबट्या

ओळख पटवायला मायटोकाँड्रियाचा डीएनए घेतात कारण एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, तुटक्या सॅम्पलमध्येही काहीतरी हाती लागतं. वाघाच्याच डीएनएला चिकटेल असा प्रायमर (डीएनएचा छोटा तुकडा, जिथून पीसीआर सुरू होतो), वाढवायचा तुकडा छोटा, दोनशे अक्षरांच्या आत. चालला तर वाघ, नाही चालला तर एकतर वाघ नाही किंवा सॅम्पल मेलंय. हे दोन वेगळे करायला बिबट्याचा प्रायमर पण लावा, आणि काही सॅम्पलचं सिक्वेन्सिंग करून पडताळा.

मांजर कुळात एक खोड आहे, मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे जुने तुकडे त्यांच्या मुख्य जीनोममध्ये जाऊन बसलेत, आणि प्रायमर नीट निवडला नाही तर खऱ्याऐवजी ते तुकडे वाढतात. मग सिक्वेन्समध्ये नवीनच अक्षरं दिसतात आणि पोरगं धावत येतं, मॅडम वेगळीच वंशावळ सापडली. नाही रे बाबा. आधी प्रायमर बघ.

एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा करणं

इथेच घोडं पेंड खातं, म्हणून जरा वेळ देऊन वाचा.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे जीनोममधली अशी जागा जिथे दोनतीन अक्षरं परत परत येतात, सीए सीए सीए सीए, कुणात चौदा वेळा, कुणात सतरा. प्रत्येक वाघाला आईकडून एक लांबी, बापाकडून एक. अशा दहाबारा जागा वाचल्या की त्या वाघाचा जणू आधार नंबर तयार होतो.

आता अडचण. विष्ठेत डीएनए इतका कमी असतो की पीसीआर सुरू होताना ट्यूबमध्ये कधी कधी आईकडची प्रतच असते, बापाकडची आलेलीच नसते. मशीन सांगतं दोन्ही लांबी सारखी. एका जागेच्या अशा एकेका रूपाला अलील म्हणतात, म्हणून याला अलील गळणं म्हणतात, ड्रॉपआउट. समजा एका वेळी अशी गळती व्हायची शक्यता २० टक्के आहे, वाईट सॅम्पलमध्ये हे अजिबात जास्त नाही. आणि समजा तुमच्या बारा जागांपैकी आठ जागी त्या वाघात दोन वेगळ्या लांबी आहेत. प्रत्येक जागा एकदाच वाचली तर आठही बरोबर यायची शक्यता ०.८ चा आठवा घात, म्हणजे साधारण १७ टक्के. म्हणजे शंभरात ८३ वेळा त्या वाघाचा नंबर कुठेतरी चुकलेला असणार. तोच वाघ पुढच्या आठवड्यात परत सापडला की दुसरी चूक होणार, नंबर जुळणार नाही, आणि झाला की नाही तुमचा खोटा वाघ तयार!

उपाय जुना आणि खर्चिक आहे, तेच परत वाचायचं. दोन वेगळ्या लांबी दिसल्या तर दोन्ही किमान दोनदा स्वतंत्र पीसीआरमध्ये दिसल्या पाहिजेत. एकच लांबी दिसली तर किमान तीनदा तीच दिसली पाहिजे. वरच्याच उदाहरणात तीनही वेळा नेमकी तीच प्रत गळायची शक्यता ०.२ गुणिले ०.१ गुणिले ०.१, म्हणजे हजारात दोन. आठ जागा धरल्या तरी चूक राहायची शक्यता दीड-पावणेदोन टक्क्यांवर येते. ८३ वरून दीड. किट महाग आहेत म्हणून रिपीट कमी करू म्हणणाऱ्या गाईडला हे गणित कागदावर करून दाखवा.

पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा. सगळ्या सॅम्पलवर आधी फक्त तीनचार मार्कर लावा, ज्यात त्यातलं अर्धंही वाचता येत नाही ते सॅम्पल तिथेच सोडा. त्या सॅम्पलसाठी किती चाललो होतो हे आठवतं आणि जीव तुटतो, पण सोडा. मरतुकड्या सॅम्पलमधूनच खोटे वाघ निघतात.

मशीनच्या शिखरांचे ग्राफ डोळ्याने बघा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. खऱ्या शिखराच्या आधी छोटी छोटी सावली-शिखरं येतात, त्यांना अलील समजायचं नाही. आणि प्रत्येक प्लेटवर ओळखीच्या एका वाघाचं चांगलं सॅम्पल लावा, कारण मशीन बदललं की लांबी एकदोनाने सरकते. दोन लॅबचे आकडे म्हणूनच सरळ एकत्र करता येत नाहीत. आता बरेच जण स्निप मार्करकडे वळलेत, एकेका अक्षराचा फरक, तुकडे छोटे लागतात, शेकडो जागा एकदम वाचता येतात आणि अ म्हणजे अ, सगळ्या लॅबमध्ये. नवीन सुरू करत असाल तर तिकडेच जा असं मी म्हणेन. रिपीटचं तत्त्व मात्र तिथेही सुटत नाही.

नर-मादीसाठी अमेलोजेनिन जनुक वापरतात, मांजर कुळात वाय गुणसूत्रावरची प्रत २० अक्षरांनी छोटी असते, म्हणून मादीत एक पट्टी, नरात दोन. पण परत तीच गळती! नराची छोटी पट्टी गळली की तो मादी दिसतो. म्हणून नर एकदोनदा दिसला तरी चालतो, मादी म्हणायला जास्त पुरावा लागतो.

मग नंबर जुळवायचे. इथे एक आकडा काढतात, दोन वाघांचा नंबर निव्वळ योगायोगाने सारखा यायची शक्यता किती. हा आकडा अनोळखी वाघांसाठी काढला तर भलताच छान येतो, पण जंगलात शेजारी शेजारी भावंडंच फिरतात, म्हणून भावंडांसाठीचा काढा. तो शंभरात एकच्या खाली हवा, हजारात एक असेल तर शांत झोप लागते. नसेल तर मार्कर वाढवा. आणि ज्या दोन सॅम्पलमध्ये एकाच जागी फरक आहे ती दोन्ही परत ग्राफ उघडून बघा. माझ्या पहिल्या सीझनच्या यादीत चौदा वाघ होते, हे सगळं नीट केल्यावर अकरा उरले. ते तीन वाघ मी एका प्रेझेंटेशनमध्ये आधीच सांगून बसले होते, जाऊ दे.

आता आकड्यांचं काय करायचं

मोजणीसाठी कॅप्चर-रिकॅप्चर, म्हणजे तेच वाघ किती वेळा परत सापडतात त्यावरून एकूण संख्येचा अंदाज, कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्ट्यांवरून करतात तेच, इथे पट्ट्यांऐवजी डीएनए. बांदीपूरला दोन्ही पद्धती एकाच वेळी करून बघितल्या होत्या, २००९ मध्ये ते छापून आलं, आणि दोन्हींचे अंदाज जवळपास सारखे निघाले. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३६८२ वाघ धरले गेले आणि महाराष्ट्रात ४४४, ती मोजणी प्रामुख्याने कॅमेऱ्यांवर उभी आहे. कॅमेरे चोरीला जातात तिथे, किंवा डोंगराळ भागात, जिथे वाघ विरळ आहेत, तिथे विष्ठा कामाला येते.

येणंजाणं बघायला बहुतेक जण स्ट्रक्चर नावाचं, जनुकांवरून वाघांचे गट पाडणारं सॉफ्टवेअर चालवतात आणि रंगीत पट्ट्यांचं चित्र बघून खूश होतात. सावकाश. एका जंगलातून एकाच वाघिणीची चार पिल्लं सॅम्पलमध्ये आली असतील तर सॉफ्टवेअर त्या कुटुंबालाच वेगळा गट म्हणतं. आधी नाती तपासा, भावंडांपैकी एकालाच ठेवून परत चालवा. गट किती हे ठरवायची जी प्रसिद्ध पद्धत आहे ती वारंवार दोन असंच सांगते, तिच्या एकटीवर विश्वास नको. आणि मधल्या भागातून सॅम्पलच घेतलं नसेल तर हळूहळू बदलत जाणारी लोकसंख्या पण दोन तुकडे दिसते.

मध्य भारतात असं काम चांगलं झालंय. २०१३ मध्ये आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी सहा संरक्षित जंगलांतले ५५ वाघ विष्ठेवरून ओळखले आणि दाखवलं की काही वाघ ६५० किलोमीटरच्या अंतरावरून आलेले दिसतात. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की दोन जंगलांतल्या अंतराचा फरक पडत नव्हता, मधल्या वस्त्या आणि रस्ते यांचा पडत होता. तेव्हा ६५० आकडा ऐकून लोक मान हलवायचे. मग २०१९ मध्ये टिपेश्वरचा कॉलर लावलेला वॉकर नावाचा वाघ यवतमाळातून निघून तेलंगणात जाऊन परत येत शेतांतून, नाल्यांतून हजाराच्या वर किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, तेव्हा तेच लोक गप्प झाले.

एक प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल, अमक्या हायवेने कॉरिडॉर तुटला का. नीट उत्तर द्या. दोन जंगलांमधला जनुकीय फरक मोजणारा जो आकडा असतो, एफएसटी, तो जुना इतिहास सांगतो. वाघाची पिढी साधारण पाच वर्षांची धरा, पाच वर्षांपूर्वी झालेला रस्ता त्या आकड्यात दिसणारच नाही. एफएसटी कमी आला म्हणून "कॉरिडॉर चांगला चाललाय" असं रिपोर्टमध्ये लिहिलंत तर ते वाक्य उद्या कुणीतरी परवानगीच्या फाईलला जोडेल. आत्ताचं येणंजाणं बघायचं असेल तर हा वाघ कुठला, त्याचे आईबाप कुठे सापडले, असं एकेका वाघाचं बघावं लागतं.

नात्यातल्या प्रजननाचं सगळ्यात डोळ्यात भरणारं उदाहरण ओडिशातलं सिमलीपाल. तिथले काळे वाघ. २०२१ मध्ये बंगळुरूच्या गटाने दाखवलं की टॅकपेप नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झालाय, आणि तो आईबाप दोघांकडून आला की पट्टे पसरून एकमेकांत मिसळतात. याच जनुकातले वेगळे बदल काही पाळीव मांजरांच्या मोठ्या भोवऱ्यांसारख्या डागांच्या नक्षीला आणि किंग चित्त्याच्या जाड पट्ट्यांना कारण आहेत. बाकी भारतातल्या जंगलांत असे वाघ नाहीत आणि सिमलीपालमध्ये इतके, कारण ती मोजकी जनावरं एकटी पडलीत आणि योगायोगाने तोच बदल पसरला. गणित सोपं आहे, प्रजनन करणारी प्रभावी संख्या २५ असेल तर दर पिढीला विविधता २ टक्के जाते, दहा पिढ्यांत जवळजवळ १८ टक्के. म्हणूनच २०२४ मध्ये ताडोबातून जमुना आणि झीनत अशा दोन वाघिणी तिकडे पाठवल्या. झीनत तिथून निघून झारखंड, बंगालपर्यंत फिरून आली आणि बांकुड्यात पकडावी लागली, वाघिणीला कोण सांगणार तुझी जनुकं इथे हवीत म्हणून.

आपल्याकडेही २० मे २०२३ ला ब्रह्मपुरीच्या भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. अशा वेळी जेनेटिक्सवाल्याचं काम सोडायच्या आधी आणि नंतर दोन्ही असतं. आधी, आणलेली आणि तिथली यांचं नातं किती, खूप जवळचं तर फायदा नाही. नंतर, तिची पिल्लं झाली का आणि ती पुढे वाढली का, हे त्याच जंगलातल्या विष्ठांवरून तपासत राहायचं. फ्लोरिडात १९९५ मध्ये टेक्सासमधून प्यूमाच्या आठ माद्या सोडल्या, त्यातल्या पाच व्याल्या आणि तिथला मरणाला टेकलेला पँथर (तिथल्या प्यूमाचंच नाव) सावरला, हे आज ठामपणे सांगता येतं ते पुढची अनेक वर्षं कोणीतरी सॅम्पल घेत राहिलं म्हणून.

शेवटचं काम जे कोणी करत नाही

पेपर छापताना जनुकांचा डेटा उघड ठेवा, पण जीपीएस पॉइंट ठेवू नका, शिकाऱ्यालाही इंटरनेट वापरता येतं. उरलेला डीएनए उणे ८० अंशाला, दोन फ्रीझरमध्ये वाटून, आणि पेटीत काय आहे त्याची यादी पेटीच्या बाहेर.

आणि ज्या बीटमधून सॅम्पल घेतले तिथे निकाल परत न्या. मी एका पानाचा मराठी तक्ता करते, सॅम्पल नंबर, तारीख, नाल्याचं नाव, वाघ की बिबट्या, नर की मादी, कितव्यांदा सापडला. मघाशी सांगितलं ना त्या नाल्यातल्या सॅम्पलबद्दल, त्याचा तक्ता घेऊन गेले तेव्हा तेच वनमजूर चौकीवर होते. बिबट्याच निघाला होता, मादी. त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली, काही बोलले नाहीत, मग बाकीचा कागद वाचत खाली गेले आणि म्हणाले, "म्याडम, या नाल्याचं नाव चुकलं जी, हा नाला तो नाही, त्याच्या पलीकडचा." जीपीएस काढून बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. दुरुस्त करून दुसरी प्रिंट पाठवली.